महात्मा फुले यांचा पक्षाघात आणि झोपेत थांबणारा श्वास

पक्षाघाताच्या पेशंटला मोठ्या रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली की नातेवाईकांचा एक प्रश्न हमखास येतो. महात्मा फुले योजनेत बसेल का? तुम्हीही रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलापुढे कधी उभे राहिला असाल. या योजनेला ज्यांचे नाव आहे त्या जोतीराव फुले यांना वयाच्या ६१ व्या वर्षी पक्षाघात झाला होता आणि त्यांचे उजवे अंग गेले होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्यानंतर ते सव्वादोन वर्षांहून थोडे अधिक जगले. त्या काळात त्यांनी जे केले ते आज घरात पक्षाघाताचा पेशंट असलेल्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे. त्यांच्या डॉक्टरांच्या हाताशी जे नव्हते आणि आज तुमच्या हाताशी आहे, तेही सांगायचे आहे. त्यातली एक गोष्ट रात्रीच्या झोपेशी संबंधित आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

मी देवबागला जनरल प्रॅक्टिस करते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी असे हे गाव. अंगावरून वारे गेले म्हणून येणारा पेशंट इथून मालवण, ओरोस आणि कित्येकदा थेट गोव्याला बांबोळीपर्यंत जातो. काही दिवसांनी तो घरी परततो आणि पुढची सगळी काळजी घरच्यांवर येते. हा लेख त्या घरच्यांसाठी आहे.

तालमीत घडलेले शरीर

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. शाळा मध्येच सुटली, वडिलांबरोबर मळ्यात काम सुरू झाले. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांचे मन वळवले, तेव्हा १८४१ मध्ये ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. याच वयात लहुजी वस्तादांच्या तालमीत ते दांडपट्टा शिकले. शरीर कमावलेले होते.

पुढचा भाग तुम्ही शाळेत वाचलेला आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा. त्यासाठी वडिलांचे घर सोडावे लागले. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज आणि ‘गुलामगिरी’, १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’. हे सगळे चालू असताना पोटासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. पुणे नगरपालिकेचे ते काही वर्षे सदस्य होते.

डॉक्टर म्हणून हे वाचताना माझे लक्ष वेगळ्याच ठिकाणी जाते. चाळीस वर्षे विरोध अंगावर घेत, पैशाची चणचण सोसत, उन्हातान्हात फिरणारा माणूस. त्यांचा रक्तदाब किती होता? तो मोजण्याचे दंडाला बांधायचे साधन १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी बनवले. म्हणजे जोतीरावांच्या हयातीत तो मोजण्याची सोयच नव्हती. आज तुमच्या गावातल्या उपकेंद्रातही ते यंत्र असते. तरीही तालमीत घडलेला, कधी आजारी न पडलेला रापणकर पन्नाशीपर्यंत दंडाला पट्टा बांधू देत नाही. मजबूत शरीराचा आणि रक्तदाबाचा काही संबंध नाही, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगावे लागते.

१८८८

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात मोठी सभा झाली. रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनेक महिन्यांतच, जुलैमध्ये, पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली.

त्यांच्यावर डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पुण्यातला घोले रस्ता त्यांच्याच नावाचा. ते नामांकित सर्जन होते आणि सत्यशोधक समाजातले जोतीरावांचे सहकारीही. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघते तेव्हा हाताशी काहीच नाही असे वाटते. मेंदूचा सीटी स्कॅन यायला अजून ८० वर्षांहून जास्त काळ होता. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की ती फुटून रक्तस्राव झाला, हे बाहेरून खात्रीने कळण्याचा मार्ग नव्हता. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन नव्हते. (आज ते आहे आणि लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा.) विश्रांती, शुश्रूषा, अन्नपाण्याची काळजी आणि धीर एवढेच घोले यांना देता येत होते, आणि शुश्रूषेचा भार सावित्रीबाईंवर होता.

डावा हात

उजवे अंग गेले म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे याच बाजूला असतात, त्यामुळे उजव्या बाजूच्या पक्षाघातात वाचाही जाण्याची भीती असते. जोतीरावांची भाषा शाबूत राहिली, कारण त्यानंतर त्यांनी एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. उजवा हात चालत नव्हता म्हणून ते डाव्या हाताने लिहू लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथाचे लेखन त्यांनी १ एप्रिल १८८९ रोजी पूर्ण केले, म्हणजे झटक्यानंतर नऊ महिन्यांत. फेब्रुवारी १८८९ मध्ये दत्तक मुलगा यशवंत याचे लग्नही घरात झाले.

साठीनंतर डाव्या हाताने अक्षर वळवायला शिकणे ही साधी गोष्ट नाही. इजा न झालेले मेंदूचे भाग नवी कामे उचलतात, पण त्यासाठी तीच क्रिया रोज, पुन्हा पुन्हा करावी लागते. आपण फिजिओथेरपी म्हणतो त्याचा गाभा हाच आहे. आणि इथे झोप येते. दिवसा केलेला सराव मेंदूत पक्का बसायला रात्रीची सलग झोप लागते. पक्षाघातानंतर अर्ध्याहून अधिक पेशंटमध्ये नेमकी हीच झोप मोडत असते आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

रात्री काय होते

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींमध्ये ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठ्या घरघरीने श्वास परत सुरू होतो आणि पुन्हा झोप. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास अडला तर ती एक खेप धरतात. तासाला अशा पाचपेक्षा कमी खेपा असल्या तर चिंता नाही. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र आजार. त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. दुसऱ्या एका प्रकारात घसा उघडा असतो, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच काही वेळ जात नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा प्रकार दिसू शकतो आणि अनेकदा पुढे कमी होत जातो. घसा बंद होण्याचा प्रकार जास्त आढळतो आणि तो सहसा आपोआप जात नाही.

श्वास अडला की प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो. जो मेंदू आधीच जखमी आहे त्याला रात्रभर कमी प्राणवायू आणि वरखाली होणारा दाब सोसावा लागतो. हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, आणि त्या बिघडलेल्या लयीतून गुठळ्या होऊन पुन्हा पक्षाघात होऊ शकतो. पक्षाघात झालेल्यांपैकी अनेकांना अ‍ॅप्निया आधीपासूनच असतो. तो झटक्याच्या कारणांपैकी एक असू शकतो. झटक्यामुळे घशाचे स्नायू दुबळे झाले आणि पेशंट दिवसरात्र उताणा पडून राहिला की तो आणखी वाढतो.

डॉ. घोले यांच्या काळात या आजाराला नावही नव्हते. घोरणे म्हणजे गाढ झोप, असेच जगभर समजले जाई. झोपेत श्वास अडण्याची नोंद यंत्रांवर घेऊन युरोपातल्या डॉक्टरांनी हा आजार मांडला तो १९६५ मध्ये. त्यावरचे सीपॅप यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणले.

शेजारी झोपणाऱ्याने काय बघायचे

हा आजार पेशंट सांगत नाही, शेजारी झोपणारा सांगतो. जोतीरावांच्या घरी ती जागा सावित्रीबाईंची होती, तुमच्या घरी ती तुमची आहे. घोरणे मध्येच पूर्ण थांबते का आणि मग धाप लागल्यासारखा, गुदमरल्यासारखा आवाज करून परत सुरू होते का, ते बघा. दोन रात्री, पेशंट गाढ झोपलेला असताना, छाती आणि चेहरा दिसेल असा पाच-दहा मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढा. डॉक्टरांसाठी तुमच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त उपयोगी असतो. सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, तीन-चार गोळ्या घेऊनही रक्तदाब न उतरणे, फिजिओथेरपी चालू असताना डुलक्या येणे या खुणाही लिहून ठेवा.

इथे एक गैरसमज काढायला हवा. अ‍ॅप्निया जाड माणसाला होतो आणि त्याला दिवसभर झोप येते, असे चित्र मनात असते. पक्षाघाताचे अनेक पेशंट सडपातळ असतात आणि दिवसा झोप येते का विचारले तर नाही म्हणतात. थकवा, विसराळूपणा, उदास बसणे हे सगळे आपण पक्षाघाताच्या खात्यावर टाकतो. त्यातला काही भाग रात्रीच्या श्वासाचा असू शकतो आणि तेवढा भाग बरा होण्याजोगा असतो. म्हणून नुसती प्रश्नावली भरून आजार नाही असे ठरवू नये, तपासणी करावी.

तपासणी आणि सीपॅप

तपासणीत रात्रभर श्वास, प्राणवायू, नाडी आणि छातीची हालचाल नोंदतात. पूर्ण तपासणी झोपेच्या प्रयोगशाळेत होते, त्यासाठी आपल्याकडच्या पेशंटला बहुधा मोठ्या शहरात जावे लागते. घरी लावता येणारे छोटे यंत्रही मिळते आणि ज्याला गाडीत बसवणेच कठीण त्याच्यासाठी ते सोयीचे असते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रात्री आकडा घसरलेला दिसला तर तो फक्त इशारा समजा, त्यावरून निदान होत नाही.

मध्यम आणि तीव्र आजारावर मुख्य उपचार सीपॅप. एक छोटे यंत्र मास्कमधून हवेचा हलका दाब देत राहते, त्यामुळे घसा मिटत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर आणि हे यंत्र वेगळे. यात साधी हवाच असते.

याचा फायदा किती, हे मी वाढवून सांगणार नाही. घोरणे थांबते, दिवसाची झापड कमी होते, मन हलके होते, रक्तदाबाला थोडी मदत होते, आणि काही अभ्यासांत हातापायांची सुधारणाही बरी दिसली आहे. पण सीपॅपमुळे पुढचा पक्षाघात नक्की टळतो हे अजून सिद्ध झालेले नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात आधी झालेल्या सुमारे २,७०० लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यात पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. मात्र त्या लोकांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावलेले नव्हते. माझे मत विचाराल तर श्वास अडतो हे तपासणीत दिसले असेल तर यंत्र लावून बघावे, किमान चार तास आणि जमल्यास पूर्ण रात्र. रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवण्याच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्यासाठी थांबवायच्या नाहीत.

मास्कचा खरा प्रश्न हाताचा असतो. दोन हातांनी लावायचा पट्टा एका हाताने कसा लावणार? इथे मी पेशंटना जोतीरावांचा डावा हात आठवायला सांगते, आणि लगेच चालू हाताने उघडता येईल असा चुंबकाच्या कडीचा मास्क मागवा असेही सांगते. (पेशंटच्या किंवा रात्री त्याच्याजवळ असणाऱ्याच्या शरीरात पेसमेकर किंवा धातूचे काही बसवलेले असेल तर चुंबकाचा मास्क आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.) दिवसा जागेपणी, टीव्ही बघताना पंधरा मिनिटे लावून सवय करा. तोंड एका बाजूला वाकडे असेल तर हवा गळते, मास्कचा आकार बदलून बघावा लागतो. गिळायला त्रास असलेला, उलटी होणारा किंवा स्वतः मास्क काढू न शकणारा पेशंट असेल तर तोंड झाकणारा मास्क त्याला एकटे ठेवून कधीही लावू नका. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

किनाऱ्यावरच्या घरात

यंत्र विजेवर चालते आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ कुणी विसरलेले नाही. वीज गेली की मास्क काढून ठेवायचा, हे रात्री जवळ झोपणाऱ्याला माहीत हवे. इन्व्हर्टर असेल तर यंत्राचा दमटपणा देणारा भाग बंद करून चालवा, वीज खूपच कमी लागते. तसाही आपल्या हवेत दमटपणा कमी नाही. तो भाग वापरत असाल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचे मचूळ पाणी नको. मास्क रोज साबणाने धुऊन सावलीत वाळवा. खाऱ्या वाऱ्याने फिल्टर लवकर खराब होतो, तो बदलत राहा. यंत्र विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने घेऊन बघितलेले बरे.

यंत्र नसले तरी काही गोष्टी आजपासून करता येतात. उताणे झोपवू नका, कुशीवर झोपवा, पाठीला उशी लावा. लुळ्या बाजूवर झोपवताना तो खांदा अंगाखाली दुमडू देऊ नका. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. रात्रीची दारू पूर्ण बंद, मग ती डॉक्टरांनी चालते म्हटल्याचे कुणीही सांगो. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका. त्या घसा आणखी सैल करतात. सुका बांगडा, खारवलेली मासळी आणि लोणचे ताटातून काढा, रक्तदाबासाठी. आणि पेशंट पुन्हा बोटीवर जायचे म्हणू लागला तर झोपेची तपासणी झाल्याशिवाय सुकाणू त्याच्या हाती देऊ नका. समुद्रात एका डुलकीने सगळ्या खलाशांचा जीव जातो.

शेवटची दोन वर्षे

जोतीरावांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. कंत्राटाचे उत्पन्न आटले होते, आजाराचा खर्च चालू होता. १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की घराचे काय होते, हे तेव्हाही असेच होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात राहत्या घरी त्यांचे निधन झाले. देहाला मिठात पुरावे ही त्यांची इच्छा होती, नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये छापून आले. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याबाहेर दवाखाना उघडला, आणि तिथे रुग्णांना आणता आणता सावित्रीबाईंना प्लेगची लागण होऊन त्या १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

खर्चाबद्दल एवढेच सांगते की जोतीरावांच्या नावाची योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. घरी वापरायच्या सीपॅप यंत्राचे पैसे त्यातून मिळतील असे धरून चालू नका, दाखल असतानाच आरोग्यमित्राला विचारून घ्या. पुढच्या तपासणीला जाताना रक्तदाबाची वही, चालू गोळ्यांची पाकिटे, डिस्चार्ज कार्ड आणि मोबाइलमधला तो रात्रीचा व्हिडिओ बरोबर न्या. डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारले नाही तर तुम्हीच विषय काढा.